फ्रेंच आले असते तर?

टिपू सुलतानाचा विषय निघाला की आमच्या कळमनुरीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. फ्रेंच फौज वेळेवर आली असती तर इंग्रज तेव्हाच गेले असते, हे एक. परक्यांना बोलावणारा कसला देशभक्त, हे दुसरे. पहिले बहुधा आपल्या मोहल्ल्यात, दुसरे बाहेर. या दोन्ही वाक्यांचा विचार करताना मला टिपूपेक्षा आयर्लंडचा इतिहास जास्त उपयोगी पडला.

आयर्लंडही तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात होते. वुल्फ टोन हा प्रोटेस्टंट वकील कॅथलिकांना बरोबर घेऊन स्वातंत्र्यासाठी धडपडत होता. टिपूसारखेच त्यानेही फ्रान्सचे दार ठोठावले, आणि फ्रान्सने ऐकले. डिसेंबर १७९६ मध्ये जनरल ओशच्या हाताखाली जवळपास १५ हजार सैनिक निघाले. जहाजे बँट्रीच्या खाडीपर्यंत पोचली, पण वादळाने कुणाला उतरू दिले नाही. सेनापतीचे जहाज तर ताफ्यापासून तुटून भलतीकडेच गेले!

जर-तरचा खरा प्रश्न इथे आहे. ती फौज उतरली असती तर दक्षिण आयर्लंड इंग्रजांच्या हातून गेले असते, असे मला वाटते. मग घरच्या दारात आग लागलेल्या लंडनने म्हैसूरवर चालून जायला सैनिक कुठून आणले असते?

पण पुढे काय झाले तेही पाहू. १९ मे १७९८ रोजी नेपोलियन तुलाँ बंदरातून निघाला तो आयर्लंडकडे नव्हे, इजिप्तकडे. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये उठाव पेटला. ऑगस्टमध्ये जनरल अंबेअर जेमतेम हजार सैनिक घेऊन उतरला. कॅसलबारला त्याने इंग्रजांना पळवले, आणि ८ सप्टेंबरला शरणागती पत्करली. तिथला इंग्रजांचा मुख्य अधिकारी कोण होता? लॉर्ड कॉर्नवॉलिस. १७९२ मध्ये टिपूचे अर्धे राज्य आणि दोन मुले ओलीस घेणारा तोच कॉर्नवॉलिस. शरण आलेले फ्रेंच युद्धकैदी म्हणून सन्मानाने मायदेशी परतले. त्यांच्या भरवशावर उभे राहिलेले आयरिश शेतकरी मात्र तिथेच कापले गेले.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते? कळमनुरी निजामाच्या राज्यात. निजाम अली खानाकडे फ्रेंच अधिकारी रेमंडने उभी केलेली मोठी कवायती फौज होती. हैदराबादेत त्याची कबर आहे. लोक त्याला ‘मूसा रहीम’ आणि ‘मूसा राम’ दोन्ही म्हणायचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडून रेमंड लढला आणि शिंद्यांकडून पेराँ, तोही फ्रेंचच. महादजी शिंद्यांची पलटण उभारणारा द ब्वान्यही परकाच. मग परक्यांना जवळ केल्याचा दोष एकट्या टिपूच्या माथी का?

१ सप्टेंबर १७९८ ला निजामाने इंग्रजांशी तह केला आणि २२ ऑक्टोबरला ती फ्रेंच फौज निःशस्त्र झाली. अधिकाऱ्यांची रवानगी युरोपात, पलटणी मोडीत. हा डाव रचणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली जन्माने आयर्लंडचाच. टिपूच्या वकिलांना मॉरिशसहून मिळाले ते जेमतेम शंभर माणसे आणि एक गाजावाजा झालेला जाहीरनामा. त्या जाहीरनाम्यानेच वेलस्लीला युद्धाचे निमित्त दिले. नेपोलियनने जानेवारी १७९९ मध्ये कैरोहून टिपूला लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती पडले. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत मीर आलमच्या हाताखालची निजामाची फौजही होती. हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात फारसे बोलले जात नाही.

आणि फ्रेंच खरेच जिंकले असते तर? अल्जेरियात त्यांनी १८३० नंतर काय केले ते आपल्याला माहीत आहे. इजिप्तमध्येही नेपोलियन इस्लामचा मित्र म्हणून उतरला आणि काही महिन्यांत त्याचे सैनिक अल-अझहर मशिदीत घोडे घेऊन शिरले.

इंग्रजांशी दोस्ती करून निजामाचे राज्य टिकले खरे. पण इंग्रज अधिकाऱ्यांची फौज निजामाच्या खर्चाने पोसली जाऊ लागली, आणि तिची एक छावणी आमच्या शेजारी हिंगोलीत पडली. त्या फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. पैनगंगेपलीकडचे पुसद इंग्रजांकडे, अलीकडचे आम्ही निजामाकडे. पुसदकडचे म्हातारे आम्हाला अजूनही ‘मोगलाईतले’ म्हणतात.