कुदी चीन : भाषा गेली, वस्ती राहिली

बँकॉकमध्ये चाओ प्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरी भागात, कुदी चीन नावाची एक जुनी वस्ती आहे. ‘कुदी’ म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान आणि ‘चीन’ म्हणजे चिनी. नाव असे असले, तरी वस्तीच्या मध्यभागी सांताक्रूझ चर्च आहे. आजूबाजूच्या अरुंद गल्ल्यांतील अनेक कुटुंबे आपला वंश पोर्तुगीजांपर्यंत नेतात. ती बोलतात मात्र थाई. अडीचशे वर्षे एका जागी टिकलेल्या या समाजाची भाषाच तेवढी का टिकली नाही, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना परका वाटू नये.

या कथेची सुरुवात गोव्यानंतर एका वर्षाने होते. १५११ मध्ये आल्बुकर्कने मलाक्का जिंकले आणि आपला दूत सयामची राजधानी अयुथ्या येथे धाडला. १५१६ मध्ये करार झाला. व्यापारी आणि तोफा-बंदुकांत तरबेज असे शिपाई अयुथ्येत स्थायिक झाले. त्यांनी तेथील स्त्रियांशी लग्ने केली. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या उद्ध्वस्त केले. राजा ताकसिनने थोनबुरीला नवी राजधानी वसवली आणि १७६९ मध्ये या ख्रिस्ती कुटुंबांना नदीकाठची जमीन दिली. तीच आजची कुदी चीन. तेथील चर्चची सध्याची इमारत १९१६ ची, म्हणजे तिसरी.

या वस्तीतही तंटा झाला. चर्चचा कारभार फ्रेंच पाद्र्यांकडे होता. काही कुटुंबांना मात्र पोर्तुगीज पाद्रीच हवे होते. पूर्वेकडील धर्मकार्यावर पोर्तुगालचा राजा हक्क सांगत असे आणि त्या व्यवस्थेचे केंद्र गोवा होते. ही कुटुंबे नदी ओलांडून पलीकडे गेली. तेथे उभे राहिलेले चर्च आजही ‘कालावार’ या नावाने ओळखले जाते. मूळ पोर्तुगीज शब्द ‘कॅल्व्हारियो’.

पोर्तुगीज भाषेला तेव्हा बाहेर मोठा मान होता. १८२० मध्ये गोव्याहून आलेल्या वकिलाने बँकॉकमध्ये कचेरी उघडली. पोर्तुगालचा दूतावास आजही नदीकाठच्या त्याच जागेवर आहे. १८३३ मध्ये सयाम व अमेरिका यांचा तह झाला, तेव्हा दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे तहाला पोर्तुगीज व चिनी भाषांतरे जोडावी लागली. पुढे इंग्रजीचा जोर वाढला आणि दुभाष्याची ही गरज सरली. घरात तर बहुधा आईची भाषा सयामीच होती.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. आपल्याकडे चौलजवळच्या कोर्लई गावातील आयाही स्थानिकच होत्या. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही ऐकू येते. ती ना कोणत्या दरबारात चालली, ना कोणत्या तहात लिहिली गेली. शेजारी शेजाऱ्याशी आणि आई मुलाशी ती बोलत राहिली, एवढेच. बँकॉकमध्ये पोर्तुगीजला प्रतिष्ठा होती, कोर्लईत तिला रोजचे काम होते. माझ्या मते फरक तेथे पडला.

कुदी चीनमध्ये जे रोजच्या वापरात राहिले ते टिकलेही. तेथील ‘खनोम फरंग’ हा केक आजही पीठ, साखर आणि बदकाची अंडी एवढ्यावरच फुगवतात. त्यात लोणी नाही, दूध नाही, खमीरही नाही. वर बेदाण्यांबरोबर चिनी पद्धतीचा साखरेत मुरवलेला कोहळा असतो. अंड्यांमुळे मला तो चाखता येत नाही. पण त्याच्या नावातला ‘फरंग’ आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ आहे, आणि थाई लोक पावाला ‘पांग’ म्हणतात तो शब्द आपल्या ‘पाव’सारखाच पोर्तुगीज ‘पांव’वरून आलेला आहे. वाड्.मयाचे मानसन्मान, संस्था, व्याख्यानमाला हव्यातच. पण नातवंडांना जेवायला कोणत्या भाषेत हाक मारतो, हे आपण आधी पाहावे.