प्रार्थनेचे रूप, निषेधाचा आशय : कऱ्हाड १९७५

साहित्यिकाच्या राजकीय निषेधाचा शोध मराठी समीक्षा बहुधा त्याच्या कृतींच्या आशयात घेते. साठोत्तरी काळातील बांधिलकीच्या चर्चेने कलेची स्वायत्तता मानणारा तो समाजविन्मुख आणि विद्रोह मांडणारा तो बांधील, अशी एक सोयीची विभागणी रूढ केली. आणीबाणीच्या काळात (जून १९७५ ते मार्च १९७७) ती कितपत टिकली, हे तपासण्याजोगे आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलनाचे एकावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. अटकेतून नुकतेच सुटलेले जयप्रकाश नारायण मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईत रुग्णशय्येवर होते. त्यांना आरोग्य लाभावे म्हणून दुर्गाबाईंनी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. या घटनेचे वर्णन ‘धाडस’ या एका शब्दात आटोपले जाते. धाडस ते होतेच; परंतु समीक्षकाने तिच्या रूपाकडेही पाहावयास हवे. आजाऱ्यासाठी प्रार्थना हा जुना सामूहिक विधी. विधीला प्रेक्षक नसतात; त्यात सामील व्हायचे की नाही, हे उपस्थित प्रत्येकाला, मंत्र्यालाही, त्या क्षणी ठरवावे लागते. शब्दांत राजकारण नसल्यामुळे नियंत्रकाला खोडण्याजोगे काही सापडत नाही. अर्थ मात्र कोणाच्याच नजरेतून सुटत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या विदुषीला विधीचे हे सामर्थ्य ठाऊक नसेल, असे मानणे (अनुमानच आहे हे) कठीण जाते. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

त्याच वर्षी ‘गोलपिठा’च्या (१९७२) कवीची, नामदेव ढसाळांची, इंदिरा गांधींवरील ‘प्रियदर्शिनी’ प्रसिद्ध झाली. तिला निव्वळ संधिसाधूपणा ठरविणे मला अन्यायाचे वाटते. घटनेने दिलेले स्वातंत्र्य ज्यांच्या वस्तीपर्यंत पोचलेच नव्हते, त्यांना त्याचा संकोच मध्यमवर्गीय लेखकाइतकाच जाणवावा, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारीच्या निर्मूलनाचे आणि भूमिहीनांना जमीन देण्याचे आश्वासन होते, हेही विसरता येत नाही. तरीही ‘गोलपिठा’ची भाषा ज्या व्यवस्थेला धुडकावते, तिच्याच शिखराकडे हा कवी चार वर्षांत वळला, आणि बांधिलकीच्या चर्चेत सहसा जिचे नाव येत नाही, ती लेखिका तुरुंगात गेली. आशयाचा निकष येथे दोन्हीकडे अपुरा पडतो, आणि म्हणूनच की काय, या दोन घटना आपण शेजारी ठेवून क्वचितच वाचतो.