इंजिन बदललं, वायरिंगचं काय? अ‍ॅम्बॅसिडरच्या बॉनेटखालचा इतिहास

भारतातल्या मोटारींचा इतिहास सांगताना आपण सहसा कारखाने, मालक आणि मॉडेलं यांच्याबद्दल बोलतो. आज आपण बॉनेट उघडून आतल्या वायरींकडे बघणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेऊ अ‍ॅम्बॅसिडरचं. या एका गाडीत गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जितक्या प्रकारची इंजिनं बसली, तितकी आपल्याकडे फार थोड्या गाड्यांत बसली असतील. काही कारखान्यानं बसवली, काही गॅरेजवाल्यांनी.

इंजिन बदललेल्या जुन्या गाडीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बॅटरी चार दिवसांत उतरते. चार्जिंगचा दिवा विझत नाही. टेंपरेचरचा काटा एक तर हलत नाही, नाही तर थेट लाल पट्टीत जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्डखालून धूर येतो. मालक म्हणतो, "इंजिन जुळलं नाही." खरं तर इंजिन जुळलेलं असतं. फाउंडेशन वेल्ड केलेलं असतं, गिअरबॉक्स बसलेला असतो. जुळलेलं नसतं ते वायरिंग. आणि ते का जुळत नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. गाडीचं वायरिंग एका देशात, एका काळात आखलेलं असतं आणि इंजिन दुसऱ्याच देशातून, दुसऱ्याच काळातून आलेलं असतं.

उत्तरपाड्याची विलायती गाडी

हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८मध्ये कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. १९५७ साली तिथे अ‍ॅम्बॅसिडर आली. ती म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. सुरुवातीला तिच्यात १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. थोड्याच काळात त्या जागी १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. म्हणजे या गाडीचं इंजिन पहिल्यांदा बदललं ते कारखान्यातच. पण तेव्हा वायरिंगचा काही प्रश्न आला नाही, कारण दोन्ही इंजिनं इंग्रजी आणि दोन्हींची विजेची व्यवस्था एकाच पद्धतीची, लुकासच्या घराण्यातली.

या पद्धतीच्या तीन गोष्टी लक्षात ठेवू, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातून निघतात. एक, बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. दोन, वीज डायनामो तयार करत असे. तीन, प्रत्येक कामाच्या वायरीचा रंग ठरलेला होता.

प्लस बॉडीला की मायनस?

आज कोणतीही गाडी उघडा, बॅटरीचा मायनस बॉडीला असतो. इंग्रजी गाड्यांत मात्र १९३०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत बहुधा उलटं होतं. तेव्हाच्या भारतात आणखी गंमत अशी, की मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स इटलीची फियाट बनवत होती आणि फियाटचा मायनस बॉडीला होता. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचं वायरिंग उलटसुलट. बॅटरीवाल्या पोऱ्यानं गाडी न पाहता बॅटरी जोडली, तर काय व्हायचं ते व्हायचंच.

गंमत म्हणजे तेव्हा फारसं काही होत नसे. बॅटरी उलटी जोडली तरी दिवे लागत. बरेचसे मोटर त्याच दिशेने फिरत. अँमीटरचा काटा उलटा जाई. कॉइलची दोन टोकं बदलली नाहीत तर ठिणगी थोडी कमजोर पडे. डायनामोला तर नव्या दिशेची सवय लावता येत असे. फील्डच्या टोकाला बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला, की त्यातलं उरलेलं चुंबकत्व पालटून जाई. जुने वायरमन हे एका झटक्यात करत.

मग आला अल्टरनेटर. त्यात डायोड असतात आणि डायोड वीज एकाच दिशेला जाऊ देतो. बॅटरी उलटी जोडली, की डायोड क्षणात जळतात. म्हणून नव्या पद्धतीचं इंजिन त्याच्या अल्टरनेटरसकट जुन्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये घालायचं, तर पहिलं काम गाडी मायनस अर्थ करण्याचं. बॅटरीची टोकं, कॉइल, अँमीटर, रेडिओ हे सगळं आधी तपासायचं आणि मगच अल्टरनेटर जोडायचा. हा क्रम चुकला, की खर्च दुप्पट.

डायनामोच्या वायरीवर अल्टरनेटरचा भार

डायनामोसोबत एक डबा असे. आपल्याकडे त्याला सरसकट 'कटआऊट' म्हणत. इंजिन मंद असताना बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये आणि इंजिन जोरात असताना व्होल्टेज वाढू नये, ही दोन कामं तो करायचा. अल्टरनेटरला तो लागत नाही. नियंत्रण अल्टरनेटरच्या आत असतं किंवा स्वतंत्र रेग्युलेटरमध्ये. म्हणून कटआऊटचा डबा काढून त्याच्या जाड वायरी एकमेकींना जोडायच्या, ही झाली नेहमीची युक्ती.

पण इथे हिशेब करावा लागतो. त्या काळचा लुकासचा डायनामो साधारण २० ते २२ अँपिअर द्यायचा. त्याच मापानं वायर निवडलेली होती. अल्टरनेटर सहज ३५-४० अँपिअर देतो, पुढचे तर त्याहून जास्त. उतरलेली बॅटरी भरताना हा सगळा करंट डॅशबोर्डमागच्या अँमीटरमधून जातो. वायर तापते, इन्शुलेशन मऊ पडतं आणि एक दिवस पेट घेतं. उपाय साधा आहे. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि अँमीटरऐवजी व्होल्टमीटर.

दुसरी अडचण चार्जिंगच्या दिव्याची. डायनामोच्या गाडीत तो दिवा नुसता सूचना देणारा. फ्यूज झाला तरी चार्जिंग चालू राहतं. बऱ्याच अल्टरनेटरांत मात्र त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. दिवाच नसेल किंवा त्या जागी एलईडी लावला असेल, तर अल्टरनेटर जागाच होत नाही. मालक नवा अल्टरनेटर विकत आणतो आणि दोष असतो दोन-तीन वॅटच्या बल्बात.

डिझेलचे दिवस

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं. डिझेल सरकारी धोरणामुळे बराच काळ स्वस्त राहिलं. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीनं हा रोजच्या मिळकतीचा प्रश्न होता. १९८०च्या सुमारास कारखान्यातूनच डिझेल अ‍ॅम्बॅसिडर मिळू लागली, पण ज्यांच्या दारात पेट्रोल गाडी होती त्यांनी गॅरेज गाठलं. कित्येक अ‍ॅम्बॅसिडरांत मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलं. मॅटाडोर पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनत असे आणि तिच्या इंजिनांचं मूळ जर्मन.

आता बघा, पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. त्यामुळे कॉइलची वायर मोकळी पडली. तीच वायर मेस्त्री डिझेल बंद-चालू करणाऱ्या सोलेनॉइडला देत. कल्पना उत्तम, कारण चावी बंद केली की डिझेल तुटायला हवंच. पण काही पेट्रोल गाड्यांत कॉइलची वायर मुद्दाम रेझिस्टन्सची असते, म्हणजे कॉइलला बारा व्होल्ट न मिळता कमी मिळतात. ती वायर सोलेनॉइडला दिली, की गाडी चालता चालता मध्येच बंद पडते आणि सगळे पंपाला दोष देतात. वायर जोडण्याआधी टोकाला प्रत्यक्ष भार लावून व्होल्टेज मोजणं, एवढाच याचा इलाज.

हीटर प्लगची कथा वेगळी. जुन्या पद्धतीत चारही प्लग एकामागे एक जोडलेले. एक गेला की चारही गेले. नव्या पद्धतीत प्रत्येक प्लगला स्वतंत्र बारा व्होल्ट. एका पद्धतीचे प्लग दुसऱ्या जोडणीत लावले, तर एक तर तापतच नाहीत, नाही तर लगेच जळतात. शिवाय चार प्लग मिळून डझनावारी अँपिअर ओढतात. पेट्रोल गाडीच्या चावीच्या स्विचमधून तो करंट नेणं म्हणजे स्विच वितळवणं. तिथे रिलेच हवा.

सेल्फचंही तसंच. डिझेलचा सेल्फ मोठा असतो आणि त्याच्या डोक्यावरचा सोलेनॉइड जुन्या बारीक वायरीला झेपत नाही. जाणते वायरमन गाडीतला जुना सोलेनॉइड फेकत नसत. त्यालाच रिले करून नव्या सेल्फला चालना देत.

आणि अर्थिंग विसरलं तर? इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं असतं. मध्ये जाड पट्टी हवी. ती राहिली, तर सेल्फचे शेकडो अँपिअर मिळेल त्या वाटेनं जातात. ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची किंवा डिझेल बंद करायची केबल. केबल लाल होते. दहा रुपयांच्या पट्टीपायी गाडी जळू शकते.

तपकिरी वायर कुणाची?

रंगांचा प्रश्न सर्वांत फसवा. इंग्रजी लुकास पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम चालू. पांढरी चावीनंतरची. हिरवी फ्यूजनंतरची. काळी अर्थची. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ, काळी म्हणजे चावीनंतरची आणि लाल म्हणजे बॅटरीची. म्हणजे इंग्रजी गाडी आणि जर्मन पद्धतीचं इंजिन एकत्र आलं आणि 'रंगाला रंग' म्हणून तपकिरीला तपकिरी जोडली, तर बॅटरी थेट जमिनीवर उतरते. जपानी कंपन्यांचे रंग आणखी निराळे.

म्हणून चांगल्या वायरमनची ओळख अशी, की तो रंग विचारत नाही, काम विचारतो. ही वायर कायम चालू आहे का? चावीवर येते का? सेल्फ मारताना चालू राहते की तुटते? या तीन प्रश्नांसाठी त्याच्याकडे एक टेस्ट लॅम्प असतो. एका बल्बाला दोन वायरी. इंग्लंड, इटली, जर्मनी आणि जपान यांच्या वायरिंगमधला दुभाषा म्हणून हिंदुस्थानात कित्येक वर्षं त्या बल्बानंच काम केलं.

काटेसुद्धा दुभाष्याशिवाय चालत नाहीत. टेंपरेचरचा सेन्सर आणि डॅशबोर्डचा काटा ही जोडी असते. इंजिनासोबत आलेला सेन्सर जुन्या काट्याला वेगळाच रेझिस्टन्स दाखवतो. शिवाय काही इंग्रजी काटे बारा नाही, दहा व्होल्टवर चालत. म्हणून जुना सेन्सर नव्या इंजिनात बसवायचा, लागेल तर आट्यांचा अ‍ॅडॅप्टर करून, किंवा काटाच नव्या जोडीचा घ्यायचा.

इसुझु आणि त्यानंतर

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान मोटर्सनं आपल्या काँटेसामध्ये जपानच्या इसुझुचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन घातलं. १९९०च्या दशकात तेच इंजिन पाच गिअरसह अ‍ॅम्बॅसिडरमध्ये आलं. इंग्रजी बांधा, जपानी हृदय. मात्र कारखान्यानं वायरिंग नव्यानं आखलं होतं. बाहेर तेच इंजिन भंगारातून आणून जुन्या गाडीत घालणाऱ्यांच्या हाती मात्र कापलेल्या वायरींचे तुकडे येत.

२०००च्या आसपास प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर गेला आणि संगणकावर चालणारी इंजिनं आली. इथे कामाची पद्धतच बदलली. पूर्वी एक एक वायर जुळवत. आता इंजिनाचं संपूर्ण हार्नेस, कपलर आणि ईसीयूसकट, जसंच्या तसं आणायचं आणि गाडीच्या जुन्या वायरिंगशी फक्त मोजक्या ठिकाणी गाठ मारायची: कायमची बॅटरी, चावी, सेल्फ, चार्जिंगचा दिवा, काटे आणि अर्थ. यात एक खोच आहे. जुन्या स्विचच्या काही वायरी सेल्फ मारताना तुटतात. ईसीयूला तशी वायर दिली, तर सेल्फ फिरतो आणि इंजिन सुरूच होत नाही. आणि दाता गाडीच्या चावीत चिप असेल, तर ती चावी आणि तिचा रिसीव्हरही सोबत आणावा लागतो.

कागद

कायद्याचं एक वाक्य इथे सांगायलाच हवं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. इंधन बदलण्याच्या मान्यताप्राप्त संचांसाठी वेगळी तरतूद आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ कायम केला. म्हणून स्पॅनर उचलण्याआधी आरटीओत चौकशी करा.

मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचं काम थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. म्हणजे ज्या गाडीमुळे आणि ज्या दरफरकामुळे ही विद्या वाढली, ते दोन्ही एका वर्षात मागे पडले. विद्या मात्र फारशी कुठे लिहिली गेली नाही. ती वायरमनच्या डोक्यात राहिली आणि गाड्यांत इन्शुलेशन टेपखाली.

आज कोणी इंदुरात, हुबळीत किंवा नागपुरात आजोबांची अ‍ॅम्बॅसिडर दुरुस्तीला काढतो, तेव्हा त्याला तीन पिढ्यांची वायरिंग एकावर एक चढलेली सापडते. कुठली वायर जिवंत आणि कुठली मेलेली, कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा एक विनंती. तुमच्या गाडीचं काम झालं, की वायरमनजवळ बसा. कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठला रिले कशासाठी, कुठला फ्यूज किती अँपिअरचा, हे एका कागदावर लिहून घ्या, तारीख घाला आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढचा वायरमन तुम्हाला दुवा देईल.