‘पान्झरफाउस्ट’मधली मूठ

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन सैनिकांच्या हाती असलेल्या रणगाडाभेदी शस्त्राचे नाव ‘पान्झरफाउस्ट’. पान्झर म्हणजे रणगाडा, फाउस्ट म्हणजे मूठ. त्यामुळे ‘रणगाड्यावर बसणारा ठोसा’ असा अर्थ सर्रास सांगतात, आणि बारीक नळीच्या टोकावरचे ते जाड डोके पाहिले की तो पटतोही. पण नावे कालक्रमाने लावली की मूठ आधी येते, रणगाडा मागाहून.

लाइपझिगच्या हासाग कंपनीत हाइनरिश लांगवाइलर यांनी १९४२ मध्ये हे शस्त्र आखले, तेव्हा त्याला ‘फाउस्टपाट्रोने’ म्हणत. पाट्रोने म्हणजे काडतूस. आपल्या तत्पुरुषाप्रमाणे जर्मन समासातही उत्तरपद प्रधान असते, तेव्हा विग्रह होतो ‘मुठीचे काडतूस’. ही मूठ मारणारी नव्हे, धरणारी. सोळाव्या शतकातली सॅक्सनीची पिस्तुले संग्रहालयांत ‘फाउस्टरोर’, म्हणजे मुठीतली नळी, याच नावाने नोंदलेली आहेत. लहान आवृत्तीला ‘ग्रेटशेन’ हे टोपणनाव पडले, ते गटेच्या नाटकातल्या फाउस्टच्या प्रेयसीवरून. नाटकाशी नाते या शब्दखेळापुरतेच.

‘पान्झर’चा प्रवास आणखी लांबचा. लॅटिन ‘पान्टेक्स’ म्हणजे पोट. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पोटावरचे चिलखत, आणि तिथून तो जर्मनमध्ये आला. १९१८ ची माउझर कंपनीची रणगाडाभेदी बंदूक अजून ‘टांकगेवेर’ होती, इंग्रजांचाच ‘टँक’ हा शब्द उसना घेतलेली. दुसऱ्या महायुद्धातल्या तशाच बंदुकीचे नाव मात्र ‘पान्झरब्युक्से’. इथे ‘पान्झर’ हे एकटे पद ‘रणगाड्याविरुद्धचे’ एवढा अर्थ पेलते. हीच वाट ‘पान्झरफाउस्ट’ या नव्या नावाने धरली. काडतूस गळाले, मूठ उत्तरपदी जाऊन प्रधान झाली. शस्त्र तोवर काखेत दाबून मारायचे झाले होते. धरण्याचा अर्थ सुटला आणि ठोशाचा रुजला, तो माझ्या मते या टप्प्यावर.

मार्च १९४५ च्या अमेरिकी सैन्याच्या माहितीपुस्तकात जुने लहान शस्त्रही ‘पान्झरफाउस्ट क्लाइन’ म्हणून नोंदले आहे. म्हणजे नवे नाव मागच्या पिढीलाही लागले. रशियनमध्ये उलट घडले. तिथे पुढच्या आवृत्त्यांनाही ‘फाउस्टपात्रोन’च म्हणत राहिले, आणि ते चालवणाऱ्या जर्मन सैनिकाला ‘फाउस्टनिक’.