तीन स्क्रूंची गिटार

गिब्सन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या पिकअपखाली एक स्टिकर असे आणि त्यावर पेटंटचा नंबर छापलेला असे : २,७३७,८४२. हा नंबर घेऊन कुणी पेटंट ऑफिसात गेलं, तर हाती पिकअपचा नकाशा येत नसे. येई तो तारा अडकवायच्या टेलपीसचा. सेथ लव्हरने बनवलेल्या हमबकर पिकअपचं पेटंट वेगळंच होतं. नक्कल करणाऱ्यांना चकवायला कंपनीने हे मुद्दाम केलं, असं गिटारवाले सांगतात. मुद्दाम असो की गफलत, अस्सल मालावरच चुकीचा नंबर ही गोष्ट मला फार आवडते.

आवडण्याचं एक कारण म्हणजे मी कल्याणचा आहे. आमच्या शेजारी उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं. हातात काही नसलेल्या माणसांनी जे खपेल ते बनवलं. 'मेड इन यूएसए'मधलं यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यात कुचकेपणा आहेच. पण परदेशी माल बंद असलेल्या देशात लोकांना तो माल हवा होता, हे त्या विनोदात कुणी सांगत नाही.

गिटारचंही तेच झालं. १९७० आणि ७१च्या शिमला बीट स्पर्धांच्या काळात देशभर रॉक बँड होते, पण परदेशी वाद्य आणायचं तर परवाना आणि जबर जकात. ज्यांना कुणी नातेवाईक विलायतेहून आणून देत नसे, ते फोटो बघून इथेच गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवून घेत. कोलकात्याच्या 'गिव्हसन' या गिटारवर तर अनेकांचा हात बसला. त्या नावात ब-च्या जागी व्ह आहे, हे दुकानात पोराच्या लक्षातही येत नसे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नक्कल करणं आणि दुसऱ्याचं नाव लावणं. सत्तरच्या दशकात जपानी इबानेझने गिब्सनच्या 'लेस पॉल'ची (मूळ मॉडेल १९५२चं) जवळजवळ हुबेहूब गिटार काढली, पण डोक्यावर नाव स्वतःचं. जून १९७७ मध्ये गिब्सनची मालक नॉर्लिन कंपनी कोर्टात गेली ती नावावरून नव्हे, तर डोक्याच्या उघड्या पुस्तकासारख्या आकारावरून. आणि अमेरिकेतल्या वितरक एल्गर कंपनीविरुद्ध. प्रकरण पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर मिटलं. आज त्या जपानी गिटारी 'लॉसूट' म्हणून मिरवत विकल्या जातात.

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा मागच्या वर्षी जी घेऊन आला ती यातली नव्हती. डोक्यावर शिंपल्यासारख्या प्लॅस्टिकमध्ये ठसठशीत 'गिब्सन'. "सेकंड हॅन्ड, पण ओरिजिनल आहे काका." मी मानेच्या वरच्या टोकाची छोटी झाकणी बघितली. तिला तीन स्क्रू. गिब्सन तिथे दोनच लावते. ब्रिजचे खांबही जाडजूड, वर स्क्रूड्रायव्हरची खाच असलेले. बाजारात ज्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, ती.

पण मान सरळ होती, आतली सळई फिरत होती, लाकूड वाईट नव्हतं. अशा वाद्यावर खर्च करायला हरकत नसते. गिटार सुरातून उतरते म्हणून त्याला आधी खुंट्या बदलायच्या होत्या. सगळे तिथूनच सुरुवात करतात. दोष होता नटमध्ये. प्लॅस्टिकच्या अरुंद खाचेत तार अडकायची आणि टकटक करत सुटायची. हाडाचा नट आणून बारीक कानशींनी खाचा केल्या. दोन संध्याकाळी गेल्या. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, त्यापुढे हे काहीच नाही, पण जात तीच : तार जिथे टेकते तिथलं अर्ध्या केसाचं काम.

मग वायरिंग. आतले पॉट नाण्याएवढे. कपॅसिटर, जॅक, शील्डेड वायर लॅमिंग्टन रोडवरून आली. ५०० किलो-ओहमचे मोठे पॉट मागवले. त्यांचा दांडा इंची, सुमारे साडेनऊ मिलिमीटर. लाकडातलं भोक आठचं. ड्रिल लावलं तर पॉलिशचे टवके उडतात, म्हणून हाताने रीमर फिरवत भोकं मोठी केली. तर जुनी बटणं बसेनात : त्यांना अठरा दाते, नव्या दांड्याला चोवीस. अस्सल अमेरिकन ब्रिजचीही तीच रड, आटे जुळत नाहीत. शेवटी मिलिमीटरच्या मापाचा जपानी ब्रिज बसवला. म्हणजे अस्सलचे सुटे भाग या गिटारला चालेनात, चालला तो एकेकाळी नकला करणाऱ्या देशातला.

आता ती खरंच छान वाजायला लागली, आणि पेच तिथेच आला. त्याला इंजिनिअरिंगच्या फीसाठी ती विकायची होती. "झाकणी दोन स्क्रूंची करून टाकू ना. आता आवाजावरून कोण ओळखणार?" बरोबर होतं. आम्ही तिला इतकी सुधारली होती, की खोटं अधिक खपणारं झालं होतं.

१९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. संशय येण्याचं कारणच नव्हतं, हे सिद्ध करणारा सुटू शकतो. माहीत असून विकणाऱ्याला ती वाट नाही. हे मी त्याला सांगितलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सांगितलं. तिथल्या पिढ्यांनी कमावलेलं नाव बाहेरच्याने चिकटवू नये म्हणून ते असतं. तो म्हणाला, "नाव काढलं तर अर्धीच किंमत येईल."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सँडपेपर घेऊन आला. प्लॅस्टिक लाकडात बसवलेलं, त्यामुळे घासून जाईना. लांबी भरून वर काळा रंग मारला. नवं नाव सुचेना, तसंच कोरं ठेवलं. मागच्या झाकणाच्या आत त्याने एक कागद चिकटवला : पॉट, ब्रिज, नट कुठले, कधी बदलले.

डोंबिवलीहून एक जण बघायला आला. बराच वेळ वाजवून त्याने विचारलं, "कंपनी कुठली?" मुलाने गिटार उलटी केली आणि झाकण उघडून कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, घासाघीस केली आणि गिटार घेऊन गेला. आलेल्या पैशांत फीचा निम्मा हप्ता भरला; उरलेल्यासाठी पोरगा हल्ली दुसऱ्यांच्या गिटारींचे नट बसवून देतो.