एक अ‍ॅम्प्लिफायर, अनेक कर्णे

सोलापूरजवळच्या कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे तिच्या जोडीला आली. एवढी वस्ती म्हटली की शाळा, सभा, जयंत्या आल्या आणि त्यांच्याबरोबर कर्णेही आले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुष्कळदा कोणाच्या तरी घरचा स्टिरिओ आणतात. दोन स्पीकर मैदानाला पुरत नाहीत, म्हणून त्याच तारांवर आणखी दोन जोड्या चढवतात. मग आवाज फाटतो, अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि ऐन भाषणात गप्प होतो. दोष अर्थातच यंत्राला दिला जातो!

हा प्रश्न मात्र लाऊडस्पीकरच्या जन्माआधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरचे कमान दिवे एकसर जोडणीत लावत. एका दिव्याचा मार्ग तुटला की सगळी ओळ अंधारात जाण्याची भीती असे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घराघरांतले दिवे समांतर जोडले. एक विझला तरी बाकीचे जळत राहिले. पण समांतर जोडणीची किंमत वेगळी असते. दिवे वाढतात तशी धारा वाढते, तारा जाड लागतात आणि अंतर वाढले की वीज तारेतच उष्णता होऊन जाते. यावर तोड निघाली रोहित्राची. दाब वाढवायचा, धारा कमी ठेवायची. खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली ती याच युक्तीने.

त्याच १९१५ साली जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंच्या जमावाला कर्ण्यातून आवाज ऐकवला. आजच्या स्पीकरची रचना राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. आपल्याकडे ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला व्यवसाय पुढे मुंबईत 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्ध झाला. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ही अक्षरे आजही वाचता येतात. ज्ञानचंदांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांच्यावर १९४२ च्या गुप्त 'काँग्रेस रेडिओ' प्रकरणात खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. मागच्या रांगेतल्या माणसाला बोलणे ऐकू जाणे ही त्या काळी केवळ सोयीची गोष्ट नव्हती, हे यावरून लक्षात येईल.

आता हिशेब पाहू. स्टिरिओत डाव्या आणि उजव्या बाजूचे अ‍ॅम्प्लिफायर स्वतंत्र असतात. तीन जोड्या समांतर लावल्या तर प्रत्येकावर आठ ओहमचे तीन स्पीकर येतात. एकूण संरोध पावणेतीन ओहमहूनही कमी भरतो आणि त्याच दाबाला धारा तिप्पट मागितली जाते. चार स्पीकर असतील तर दोन-दोन एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर कराव्यात. संरोध पुन्हा आठ ओहमच राहतो. (मल्टिमीटर आठ ओहमच्या स्पीकरला सहाच्या आसपास दाखवतो. तो फक्त रोध मोजतो, म्हणून गोंधळू नये.)

मैदान मोठे असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. दोनशे मीटरवर एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध सातएक ओहम होतो. आठ ओहमचा स्पीकर तिच्या टोकाला लावला की जवळजवळ निम्मी शक्ती तारेतच संपते. सभांचे ध्वनितंत्रज्ञ म्हणून वीजमंडळाचीच वाट चालतात. अ‍ॅम्प्लिफायरपाशी दाब १०० व्होल्टपर्यंत चढवायचा आणि प्रत्येक कर्ण्याजवळच्या लहान रोहित्राने तो उतरवायचा. दहा वॅटचा कर्णा मग ०.१ अँपिअर घेतो, म्हणजे लाइनला तो हजार ओहमचा भासतो. असे दहा कर्णे लावले तरी धारा एक अँपिअरच, आणि त्याच तारेत शंभरांपैकी सातएक वॅट जातात. बेरीज वॅटची करायची, ओहमचे त्रैराशिक नको. मंडपवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मागे '१०० व्होल्ट' लिहिलेले टर्मिनल असते ते हेच. घरच्या स्टिरिओला मात्र ते नसते.

वर्गात हे दाखवायला स्पीकर लागत नाहीत. टॉर्चचे तीन बल्ब आणि दोन सेल घ्यावेत. बल्ब आधी एकसर, मग समांतर जोडावेत आणि प्रत्येक वेळी एक बल्ब काढून पाहावा. समांतर जोडणी तशीच ठेवून सेल किती लवकर उतरतात तेही मुलांना नोंदवू द्यावे.