संचार : हिंडण्यापासून अंगात येण्यापर्यंत

हालचाल आणि प्रभाव हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदल्याची उदाहरणे अनेक भाषांत सापडतात. इंग्रजीतील ‘स्वे’ हा शब्द वाऱ्याने झाड डोलते त्यासाठी चालतो आणि राज्यकर्त्याच्या सत्तेसाठी किंवा एखाद्याच्या पगड्यासाठीही चालतो. ‘इन्फ्लुअन्स’ हा शब्द ‘आत वाहणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला असून, ताऱ्यांपासून माणसांपर्यंत पोचणाऱ्या आणि त्यांचे दैव घडवणाऱ्या अदृश्य प्रवाहासाठी मध्ययुगीन युरोपातील ज्योतिषी तो योजीत असत. त्याचेच इटालियन रूप ‘इन्फ्लुएन्झा’ अठराव्या शतकात साथीच्या तापाचे नाव म्हणून इंग्रजीत शिरले. १९१८ साली त्याच तापाची साथ मराठी मुलखात पोचली, तेव्हा लोकांनी आकाशाकडे न पाहता रोग्याच्या देहाकडे पाहिले आणि तिला ‘मानमोडी’ असे नाव दिले.

मराठीत हालचाल आणि प्रभाव या दोन्ही अर्थांचा भार पेलणारा शब्द ‘संचार’ हा होय. ‘चर्’ म्हणजे चालणे, हिंडणे, चरणे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संचार’ सिद्ध होतो, म्हणजे मुळात तो केवळ सर्वत्र फिरणे एवढेच सांगतो. याच धातूचे कूळ विलक्षण मोठे आहे : गुरांचा चारा, माणसाचा आचार, मनाचा विचार आणि मताचा प्रचार ही सारी त्याचीच संतती. याच कुळातील ‘गोचर’ शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय ठरतो, कारण गाई जिथे चरतात ती जागा हा त्याचा पहिला अर्थ, त्यावरून इंद्रियांची धाव जिथवर पोचते ते क्षेत्र हा दुसरा आणि ज्योतिषात ग्रहांचे राशींतून होणारे भ्रमण, ज्यावरून फळ सांगितले जाते, हा तिसरा. युरोपातील ज्योतिष्यांना ताऱ्यांचा प्रभाव वाहताना दिसला, तर इकडच्या शब्दात तो गाईच्या पावलांनी चालत आला. त्याच ‘गोचर’चे नकारार्थी रूप ‘अगोचर’ वेदान्तात इंद्रियांच्या पलीकडील तत्त्वासाठी योजले जाते आणि मराठी घरात मात्र नको तिथे हात घालणाऱ्या खोडकर पोरासाठी; एका शब्दाने एवढ्या उंचीवरून अंगणात उतरावे, हे मराठीच्या घरगुती वृत्तीला शोभणारेच आहे.

शास्त्रांनी ‘संचारा’तील चंचलपणा जपला. रसशास्त्रात तेहतीस ‘संचारी भाव’ मानले जातात, जे स्थायी भावाभोवती क्षणकाल उमटतात आणि विरतात. तर धृपदाच्या स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग या चार भागांत तिसऱ्याचे नाव तेच आहे. बोली मराठीने मात्र या शब्दाला वेगळी कलाटणी दिली. देवाचा किंवा भुताचा ‘संचार होणे’ म्हणजे त्याने माणसाच्या अंगात शिरून त्याचे बोलणे-चालणे आपल्या ताब्यात घेणे. जे बाहेर हिंडत होते ते आत आले आणि आत येताच धनी झाले, असा हा अर्थविस्तार आहे. ‘वारे येणे’ आणि ‘शहराचे वारे लागणे’ या प्रयोगांमागेही हीच कल्पना आहे, आणि हिंदीत देव अंगात येतो तेव्हा त्याची ‘सवारी’ येते, म्हणजे तिथेही प्रभाव बाहेरून स्वार होऊन येतो.

हिंदी आणि मराठी यांचे हे शेजार मध्य प्रदेशातील सौसर आणि पांढुर्णा या तालुक्यांत रोजच्या जगण्याचा भाग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील हे मराठीबहुल तालुकेही त्याच्यासोबत राहिले. २०२३ साली त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६च्या त्या वाटणीमुळे इथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी व्यवस्था रुजली, आणि या दोन भाषांत ‘संचार’चे व्यवहार भिन्न आहेत. हिंदीने तो शब्द इंग्रजी ‘कम्युनिकेशन’साठी पक्का केला : केंद्रातील संचार मंत्रालय, २००० साली स्थापन झालेले भारत संचार निगम, भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता व संचार विद्यापीठ. मराठीत त्या जागी दळणवळण, संपर्क, संज्ञापन असे वेगवेगळे शब्द वाटणीने काम करतात. ‘दूरसंचार’ तेवढा दोन्हीकडे सारखा. कुळातील दुसऱ्या शब्दाचीही हीच गत दिसते, कारण मराठी जिला ‘गायरान’ म्हणते ती गावची चराईची जमीन मध्य प्रदेशाच्या महसुली दप्तरात ‘चरनोई’ म्हणून नोंदली जाते. मराठी नावातून ‘चर्’ गळला, हिंदी नावात मात्र तो टिकून आहे.

सौसरजवळील जामसावळीच्या निद्रिस्त हनुमानाच्या देवस्थानी बाधा झालेल्या माणसांना घेऊन कुटुंबे येतात. तेथे ‘संचार’ तारांतून नव्हे तर देहातून बोलला जातो, आणि त्यावर जे केले जाते तो ‘उपचार’ही त्याच धातूचा, ज्याचा अर्थ षोडशोपचारांतील सेवा असाही होतो आणि वैद्याची चिकित्सा असाही.

पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व पलीकडचे सावरगाव यांच्यात ‘गोटमार’, म्हणजे दगडफेकीची लढत, होते. हा शब्द हिंदी वृत्तपत्रांनीही मराठी ‘गोट्या’सकट जसाच्या तसा स्वीकारला आहे. त्या दिवशी दोन्ही तीरांवरील गर्दीत जी वीरश्री ‘संचारते’ तिने जीव गेले आहेत, आणि ती आवरण्यासाठी प्रशासनाने वेळोवेळी मनाई हुकूमही काढले आहेत. माणसांनी घराबाहेर हिंडूच नये असा हुकूम निघाला तर मराठी त्याला ‘संचारबंदी’ म्हणते, आणि या समासात शब्द आपल्या पहिल्या, निव्वळ पायांनी फिरण्याच्या अर्थाकडे परत येतो. हिंदीत अशा वेळी ‘कर्फ्यू’ लागतो, ज्याचे फ्रेंच मूळ रात्री चूल झाकून विस्तव विझवण्याच्या आज्ञेत आहे.